याचे आई-बाप कोण?

गंगापूर रोडवर माझ्या लॅबला लागूनच देवरे डॉक्टरांचा जनावरांचा दवाखाना होता. मधली भिंत इतकी पातळ, की तिकडे कुत्रं शिंकलं तर इकडे माझ्या बाकावरच्या नळ्या किणकिणायच्या. त्यामुळे त्यांचा एक प्रश्न मी वर्षानुवर्षं रोज ऐकला. कुत्रं टेबलावर चढवलं, की खातंय का, उलटी झाली का, ताप कधीपासून, हे सगळं नंतर. आधी डॉक्टर विचारायचे, "याचे आई-बाप कोण?"

नवीन आलेली माणसं थट्टा करायची. "पुढच्या वेळी पत्रिका घेऊन येतो, डॉक्टर." "गोत्र सांगितलं तर चालेल का?" डॉक्टर हसत नसत आणि रागवतही नसत. कोणी रस्त्यावरून उचलून आणलेलं पिल्लू असेल तर केसपेपरवर ‘माहीत नाही’ असं लिहायचे, त्याखाली लाल पेनाने रेघ मारायचे, आणि मग थर्मामीटर झटकायचे.

मला त्या थट्टेचं हसू कधी आलं नाही. तो प्रश्न कुठून आला ते मला ठाऊक होतं. त्यात माझाही थोडा वाटा आहे, आणि तो काही मिरवण्यासारखा नाही.

डॉक्टर सटाण्याकडचे. बुटके, रुंद खांद्यांचे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट घालणारे. लोक खिशाला पेन लावतात, ते चिमटा लावायचे. माणसांशी ते आपल्यासारखं स्वच्छ मराठी बोलत, पण कुत्र्याच्या मानेवर हात पडला की त्यांची अहिराणी सुरू व्हायची. "काय व्हयनं रे भाऊ तुले?" असं विचारत ते त्याचे कान उलटे करून बघायचे. सुई टोचताना म्हणायचे, "मी शे ना आठे," म्हणजे मी आहे ना इथे. गंगापूर रोडच्या बंगल्यांतली कुत्री इंग्रजीत ऊठ-बस करणारी, पण ही भाषा त्यांना बरोबर कळायची. निदान ती गप्प उभी राहायची, आणि एवढं तर त्यांच्या मालकांनाही जमत नसे.

पहिल्यांदा ते माझ्याकडे आले ते हातात आगपेटी घेऊन. नव्वदीची सुरुवात होती आणि माझी लॅब नुकतीच सुरू झालेली. मी आगपेटी उघडली आणि लगेच मिटली.

"डॉक्टर, ही माणसांची लॅब आहे."

"हो. माझ्या मायक्रोस्कोपचा दिवा गेलाय, म्हणून आलो."

"अहो, पण कुत्र्याची शी मी इथं..."

"माणसांची तर रोज बघता की," ते म्हणाले. "त्यांना तेवढं चांगलं खायलाही मिळत नाही."

मी नाक मुरडत बाजूला झाले. त्यांनी माझ्याकडून मीठ मागून घेतलं आणि ते पाण्यात ढवळत राहिले, आणखी मीठ विरघळेना इतकं. त्या पाण्यात आगपेटीतला ऐवज कालवून गाळला, नळी काठोकाठ भरली आणि वर एक पातळ काच ठेवली. जंतांची अंडी खारट पाण्यात वर तरंगतात आणि काचेला चिकटतात. थोड्या वेळाने ती काच त्यांनी मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि मला बोलावलं. पातळ कवचाची, आत चार-चार गोळे असलेली अंडी होती. मला कबूल करायला आवडत नाही, पण दिसायला ती सुंदर होती.

ते पिल्लू जवळच्याच एका बंगल्यातलं होतं. जंत म्हटल्यावर मालकीणबाई फणकारल्या. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. "आमच्याकडे त्याला दूधसुद्धा उकळून देतात. असले प्रकार आमच्या घरात नाहीत."

"घरात नाहीत, बाई, त्याच्या आतड्यात आहेत," डॉक्टर म्हणाले. "आईच्या दुधातून आलेत, तुमचा दोष नाही. आज औषध देतो, पंधरा दिवसांनी परत द्यायचं. एकदा देऊन भागत नाही. मोठे मरतात, लहान मागे राहतात. आणि मला सांगा, अंगणात वाळू आहे का? मुलं अनवाणी खेळतात त्यात?"

बाईंचा आवाज एकदम खाली आला. डॉक्टरांची पद्धत अशी होती. कुत्रं टेबलावर असायचं, पण त्यांच्या डोळ्यांपुढे ते सगळं घर असायचं.

गोचिडींच्या बाबतीत तर ते इरेला पेटायचे. रॉकेल ओतू नका, काडीने चटका देऊ नका, नखाने चिरडू नका. चिमटा कातडीला टेकवायचा, सरळ वर ओढायचा आणि गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. कान, काख, पायाच्या बोटांमधल्या फटी. "डोळे मिटा आणि हाताने शोधा," ते मालकांना सांगायचे. "केसांच्या उलट्या दिशेने. डोळ्यांना केस दिसतात, बोटांना गोचीड लागते." चांगले सुटाबुटातले गृहस्थ डोळे मिटून कुत्रं चाचपत उभे असलेले मी पाहिले आहेत. वर डॉक्टर सांगायचे की अंगावर दिसतात त्या पाहुण्या, त्यांचं बिऱ्हाड भिंतीच्या भेगांत आहे. तिथे औषध मारलं नाहीत तर माझ्याकडे येत राहाल.

गोचीड चावून येणारा ताप ओळखायला त्यांनीच मला शिकवलं. कानाच्या टोकाला बारीक टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा, काचेवर पसरायचा, रंगवायचा. तांबड्या पेशीच्या आत जांभळट जोडी दिसली की तोच तो जंतू. मला सुरुवातीला जिथे तिथे जोड्याच दिसायच्या.

"फोकस हलवा, मॅडम," ते म्हणायचे. "जंतू असेल तर पेशीबरोबर दिसेल, पेशीबरोबर जाईल. पेशी पुसट झाली आणि हा चमकत राहिला, तर तो वरती बसलेला रंगाचा कण. आपल्याला हवं असतं म्हणून तो जंतूसारखा दिसतो."

हे वाक्य मी पुढे लॅबमध्ये माझ्याकडे कामाला आलेल्या प्रत्येक मुलीला शिकवलं. मी स्वतः ते एकदा डावललं, तीच ही हकिगत.

देवळाली कॅम्पात एक सुभेदार होते, मूळचे साताऱ्याकडचे, त्यांच्याकडे मोती नावाचा कुत्रा होता. त्या काळी नाशकात दर चौथा कुत्रा मोती असेल. पहिल्यांदा सुभेदारांची बायको आणि दहा-अकरा वर्षांची मुलगी अश्विनी त्याला घेऊन आल्या होत्या. बदली होऊन गेलेल्या कुठल्याशा साहेबांच्या कुत्रीचं हे पिल्लू. अंगावर हातभर केस, निमुळतं लांब नाक आणि मानेभोवती पांढरा पट्टा. त्याला लूत लागली होती. डॉक्टरांनी कातडी खरवडून माझ्याकडेच किडे पाहिले आणि सांगितलं, आधी केस पूर्ण कापून घ्या, मग या औषधाच्या पाण्याने दर आठवड्याला अंघोळ घाला. मुलगी त्याच्या गळ्यात पडून रडली, आजारासाठी नव्हे, केसांसाठी. डॉक्टरांनी तिला केस परत येतील असं वचन दिलं.

लुतीवर तेव्हा एक इंजेक्शन नव्याने वापरात आलं होतं. मूळचं गाईबैलांसाठी, पण कुत्र्यांवरही लागू पडायचं. फक्त एका लांब नाकाच्या, मेंढ्या राखणाऱ्या विलायती जातीला ते चालत नाही, थेट मेंदूत भिनतं. डॉक्टरांना हे माहीत होतं. म्हणून तर त्यांनी मोतीला अंघोळी सांगितल्या होत्या.

दीड-दोन महिन्यांनी एका रविवारी सुभेदार एकटेच मोतीला घेऊन आले. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. केसपेपर घरी राहिला होता, म्हणून डॉक्टरांनी नवा केला. कॅम्पातल्या न्हाव्याने कुत्र्याला पार भादरलेलं, जागोजागी कातडी उघडी, उरलेले केस आखूड आणि औषधाने पिवळट. टेबलावर उभं होतं ते एक गावठी, लुतीने खाल्लेलं कुत्रं. सुभेदार म्हणाले, अंघोळींनी फरक नाही. डॉक्टरांनी खरवडून पाहिलं, किडे होतेच. त्यांनी ते इंजेक्शन दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोतीला उचलून आणावं लागलं. पाय चार दिशांना जात होते, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. दुपारी तो पडला तो हललाच नाही. डॉक्टरांनी सलाइन लावलं, त्याचं रक्त घेतलं आणि माझ्याकडे आले. हातात काच होती आणि दोन केसपेपर. अश्विनीने घरून जुना पाठवला होता. त्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘लांब केस, लांब नाक, मानेला पांढरा पट्टा’.

"बघा, मॅडम," ते म्हणाले. "गोचीड-ताप असला तर बघा."

मी अर्धा तास बघत होते. एका कोपऱ्यात जांभळे ठिपके सापडले, दोन जोडीने, एक सुटा. मी स्क्रू हलवला. पेशी पुसट झाल्या आणि ठिपके चमकत राहिले. मला कळलं होतं. तरी मी मान वर करून म्हटलं, "म्हटलं तर म्हणता येईल, डॉक्टर. मी तसा रिपोर्ट देते."

ते खुर्चीवर बसले, डोळा लावला, स्क्रू एकदाच फिरवला.

"हा रंग आहे."

"कोणाला कळणार आहे? गोचिडी होत्याच ना त्याच्या अंगावर? सुभेदारांची पुढच्या आठवड्यात बदली आहे. गप्प बसा तुम्ही. तुमच्या हाताने किती जगलीत, ते बघा."

त्यांनी ती काच रुमालात गुंडाळून खिशात ठेवली आणि पलीकडे जाऊन मोतीशेजारी जमिनीवर बसले. तीन दिवस ते तिथेच होते. दर दोन तासांनी त्याची कूस बदलायचे, उघड्या डोळ्यांत थेंब घालायचे, आणि सारखं काहीतरी त्याच्याशी अहिराणीत बोलायचे. चौथ्या दिवशी दुपारी मोती गेला. सुभेदार आले, त्याला चादरीत घेतलं आणि डॉक्टरांचे हात धरून म्हणाले, "आपण लय केलंत त्याच्यासाठी." तिथे, सगळ्यांसमोर, डॉक्टरांना खरं सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात आले. "मॅडम, देवळालीला जायचंय. तुम्ही चला. स्लाइड तुम्ही पाहिलीय."

मला जायचं नव्हतं, पण नाही म्हणायला तोंड नव्हतं. आम्ही बसने गेलो. सुभेदारांच्या क्वार्टरमध्ये लोखंडी ट्रंका भरून ठेवलेल्या होत्या, भिंतीवरची चित्रं उतरवलेली. बाईंनी चहा टाकला. डॉक्टर बसलेच नाहीत. उभ्या उभ्या म्हणाले, "सुभेदारसाहेब, मोती आजाराने गेला नाही. मी दिलेल्या इंजेक्शनाने गेला. त्याच्या जातीला ते चालत नाही, हे मला माहीत होतं. पहिल्या पेपरवर मीच लिहिलं होतं. रविवारी मी त्याला ओळखलं नाही."

सुभेदार ट्रंकेच्या कडीशी चाळा करत म्हणाले, "हे सांगायला आलात होय एवढ्या लांब? नसतं सांगितलं तर आम्हाला काय कळणार हुतं?"

मी मान खाली घातली. माझंच वाक्य होतं ते.

आतल्या दारात अश्विनी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. रडत नव्हती. तिने विचारलं, "डॉक्टरकाका, रविवारी मोतीने शेपटी हलवली होती का तुम्हाला बघून?"

डॉक्टरांनी आठवून पाहिलं. मला त्यांचा चेहरा दिसत होता, आणि ते त्यांना आठवलं तेही मला दिसलं.

"हो," ते म्हणाले. "हलवली होती."

"मग त्याने ओळखलं होतं तुम्हाला. केस नव्हते तरी तो मोतीच होता. तुम्ही का नाही ओळखलं?"

सुभेदार तिला "अशू, आत जा" म्हणाले, पण ती गेली नाही. डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसले. "चुकलं माझं, बाळा," एवढंच म्हणाले. तिने त्यांना माफ केलं नाही. ती तशीच बघत राहिली आणि थोड्या वेळाने आम्ही निघालो. चहा तसाच राहिला.

त्यानंतर तो प्रश्न सुरू झाला. कुत्रं ओळखीचं असो, दहाव्यांदा आलेलं असो, आई-बाप विचारल्याशिवाय आणि जुना पेपर काढून वाचल्याशिवाय सुई भरायची नाही. ते इंजेक्शन द्यायची वेळ आली की मालकाला मोतीची गोष्ट सांगायचे, नाव-गाव गाळून, स्वतःची चूक न गाळता. मी म्हणायचे, डॉक्टर, दरवेळी कशाला? काही जणांनी त्यामुळे कुत्री दुसरीकडे न्यायला सुरुवात केली, ते मला दिसत होतं. ते म्हणायचे, "ज्याच्या कुत्र्याला टोचायचं त्याला माहीत नको?" आणखी एक बदल झाला. टेबलावर चढलेल्या कुत्र्याने शेपटी हलवली की ते थबकायचे. हातातलं सगळं खाली ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. अनोळखी कुत्रं दवाखान्यात शेपटी हलवत नाही, हे त्यांना कोणी नव्याने सांगायची गरज नव्हती.

असं दहा-बारा वर्षं चाललं. गंगापूर रोडला बंगल्यांच्या जागी इमारती आल्या, कुत्री लिफ्टने उतरू लागली, मानेवर दोन थेंब टाकले की गोचिडी जातात अशी औषधं मिळू लागली. डॉक्टर ती वापरायचे, तरी चिमटा खिशाला असायचाच.

मग एका सकाळी भिंतीपलीकडून प्रश्न ऐकू आला, "याचे आई-बाप कोण?" कुत्रं घेऊन आलेल्या बाईंनी उत्तर दिलं. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. बाई हसल्या, पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा प्रश्न आला तेव्हा मी हातातलं काम टाकून गेले. डॉक्टर केसपेपर बघत होते. त्यावर तेच उत्तर त्यांच्या अक्षरात दोनदा लिहिलेलं होतं, आणि तिसऱ्यांदा लिहायला पेन टेकवलेलं होतं.

त्यांनी त्या बाईंची माफी मागितली, दुसऱ्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला, बाहेर बसलेल्या सगळ्यांना स्वतः जाऊन परत पाठवलं आणि शटर ओढलं. "आता हात लावण्यात अर्थ नाही, मॅडम," मला म्हणाले. त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. मी पुष्कळ डॉक्टर पाहिले आहेत. शेवटची सुई आपली आपण खाली ठेवणारा मी हा एकच पाहिला.

ते लेकीकडे पिंपळगाव बसवंतला राहायला गेले. मी जाईन जाईन म्हणत दोन वर्षं घालवली. मी गेले तेव्हा द्राक्षांचे टेम्पो रस्त्याला लागले होते आणि डॉक्टर लेकीच्या ओट्यावर सतरंजीवर बसले होते. पुढ्यात गल्लीतलं एक कुत्रं पसरलं होतं. बारीक केसांचं, तांबूस, कान फाटका. त्याला कोणी गावठीशिवाय दुसरं काही म्हणालं नसतं. डॉक्टरांनी डोळे मिटले होते आणि बोटं केसांतून उलटी फिरवत होते. शेजारी स्पिरिटची बाटली होती. लेक म्हणाली, "दिवसभर हेच चालतं. आम्हालाही ओळखत नाहीत आता. पण गोचीड एक सुटत नाही."

मी समोर बसले. नाव सांगितलं, लॅब सांगितली, मधली भिंत सांगितली. त्यांनी डोळे उघडून सभ्यपणे मान हलवली, कोणा पाहुण्याकडे बघून हलवावी तशी. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. एवढी वर्षं त्यांनी मला मॅडम म्हटलं होतं, ते एकदा तरी ऐकायचं होतं.

कुत्र्याने डोळा किलकिला केला आणि सतरंजीवर शेपटी दोनदा आपटली. डॉक्टरांचे हात थांबले. त्यांनी चिमटा खाली ठेवला, कुत्र्याचं तोंड ओंजळीत धरलं आणि पुष्कळ वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, जणू त्याला ऐकू जाऊ नये, म्हणाले, "तुम्ही नवीन दिसता इथं. याला ते इंजेक्शन देऊ नका हं. केस कापलेत म्हणून कळत नाही. पण हा मोती आहे."

लेक काही बोलणार होती, मी तिला हाताने थांबवलं. एकदा मी त्यांच्यासमोर रंगाच्या कणाला जंतू म्हटलं होतं आणि त्यांनी ते मान्य केलं नव्हतं. आज मी त्यांना खोडून काढायला गेले नाही.

"नाही देणार, डॉक्टर," मी म्हटलं. "पेपरवर लिहून ठेवते."

"लाल रेघ मारा खाली," ते म्हणाले, आणि डोळे मिटून पुन्हा त्याच्या कानामागे बोटं घातली. "मी शे ना आठे," ते त्याला सांगत होते. मी फाटकाबाहेर पडेपर्यंत ते मला ऐकू येत होतं.